गाडीच्या दाराचा कोड

आबांना एकदा कडोदऱ्याला नेऊन आणायचं मी ठरवलं, ते मे महिन्यात, शाळेला सुट्टी लागल्यावर.

आबा म्हणजे माझे वडील. धुळ्याकडच्या एका खेड्यातून ते विशीत सुरतेला आले आणि पुढची पस्तीस वर्षं कडोदऱ्याच्या एका लूमच्या खात्यात उभे राहिले. खातं म्हणजे आमच्याकडे कापड विणायची शेड. घरी परत यायचे तेव्हा त्यांच्या भुवयांवर सुताची पांढरी भुकटी असायची, आणि कानात लूमचा आवाज इतका भरलेला असायचा की जेवताना आई त्यांच्याशी खुणांनी बोलायची.

गेल्या दोन वर्षांत त्यांना विसर पडत चालला होता. आधी शेजाऱ्यांची नावं गेली. मग आई वारली आहे हे गेलं. राहिलं ते फक्त खातं. रोज सकाळी ते अंघोळ करून, शर्टाची सगळी बटणं लावून दारापाशी उभे राहत आणि म्हणत, "माले पाळीवर जानं शे." मी दाराला आतून कुलूप घालून किल्ली डाळीच्या डब्यात ठेवायची. ते चिडत नसत. बोटांनी दारावर हळूहळू टकटक करत राहत. तास, दीड तास. मी शाळेच्या वह्या तपासत बसलेली असायची आणि ती टकटक माझ्या कानशिलात शिरायची.

डॉक्टर म्हणाले, "एकदा दाखवून आणा ती जागा. कधी कधी बघितलं की मन निवतं." हजिऱ्याला कारखान्यात असलेल्या माझ्या भावाला मी फोनवर हे सांगितलं. तो म्हणाला, "एवढ्या उन्हात? थांब, पाऊसपाणी होऊ दे, मी रजा काढतो." त्याची रजा मी दोन वर्षं ऐकत होते. म्हटलं, मी नेते.

रिक्षाचा प्रश्नच नव्हता. उधना रोडवर एकदा चालत्या रिक्षातून ते सरळ खाली उतरायला निघाले होते, मी शर्ट धरून ठेवला म्हणून वाचले. तेव्हा बंद गाडी हवी होती. मोबाईलवरून दिवसभरासाठी भाड्यानं गाडी घेता येते, आपणच चालवायची, हे शाळेतल्या एका बाईंनी शिकवलं. गाडी चालवायला मी पंचेचाळिसाव्या वर्षी शिकले होते; शिकल्याचा उपयोग करायची ही तिसरी की चौथी वेळ.

गाडी घ्यायला गेले तर तिथे माणूस कोणी नाही. पार्किंगमध्ये एक पांढरी गाडी आणि ड्रायव्हरच्या दारावर, काचेखाली, आकड्यांची काळी पट्टी. कंपनीकडून मेसेज येतो, त्यात सहा आकडी कोड असतो, तो पट्टीवर दाबला की दार उघडतं. किल्ली आतच, स्टिअरिंगजवळ साखळीनं अडकवलेली. ती बाहेर न्यायची नाही. इंजिन बंद करून दार लावलं की अर्ध्या मिनिटात गाडीला आपोआप कुलूप लागतं, उघडायला पुन्हा तोच कोड. मी मोबाईल एका हातात धरून एकेक आकडा बघत दाबला आणि दार उघडलं. पाठ करावा असं मनातसुद्धा आलं नाही.

गाडी घरापाशी आणून आबांना मागच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला, आणि त्यांच्या दाराच्या कडेला असतो तो छोटा खटका मी स्वतः फिरवला. लहान मुलांनी आतून दार उघडू नये म्हणून असतो तो. दुसऱ्या बाजूचाही फिरवला. आबा माझ्या हाताकडे बघत होते.

"काय करी राह्यनी?"

"काही नाही आबा. दार नीट लागलं का बघते."

पर्वत पाटियाच्या चौकापर्यंत सगळं ठीक होतं. गाडीत एसी होता, आबा बाहेरच्या दुकानांकडे बघत होते. मग त्यांना उमासे यायला लागले. सकाळी नाश्ता नीट झाला नव्हता, मला वाटलं पित्त असेल. चौक ओलांडल्यावर डाव्या हाताला मेडिकलचं दुकान दिसलं, तिथेच बाजूला घेतली. दुकान गाडीपासून दहा पावलांवर. इंजिन सुरू ठेवावं की बंद करावं, याचा मी विचार केला, हे मला स्पष्ट आठवतं. घरी एकदा त्यांनी गॅस सुरू करून ठेवला होता. पट्टा काढून पुढे वाकले आणि गिअरला हात लागला तर? म्हणून इंजिन बंद केलं. पर्समधून एक नोट काढून मुठीत घेतली. पर्स सीटवर, मोबाईल समोरच्या स्टँडवर, त्यात रस्त्याचा नकाशा उघडा.

"आबा, मी आठेच शे, इथेच. औषध घेऊन आले."

दार लावलं. गोळ्या आणि मीठ-साखरेची पुडी घेऊन वळले तोवर पट्टीवरचा छोटा दिवा लाल झाला होता.

पहिल्यांदा मी घाबरले नाही. दाराचा दांडा ओढला. पुन्हा ओढला. चारही दारं फिरून आले. मग पट्टीसमोर उभी राहून कोड आठवायला लागले. सात आणि एक, इथून सुरुवात होती एवढं नक्की. पुढे? मी अंदाजानं सहा आकडे दाबले. दिवा लाल. आणखी एकदा दाबले. दिवा तीनदा लुकलुकला आणि पट्टीखाली लिहिलेलं मी तेव्हा कुठे वाचलं. तिसऱ्यांदा चुकलं तर पट्टी अर्धा तास बंद पडणार होती.

मी हात मागे घेतला.

काचेतून आबा माझ्याकडेच बघत होते. मी ओरडून सांगितलं, "आबा, पट्टा सोडा! लाल बटण दाबा!" त्यांनी छातीवरचा पट्टा दोन्ही हातांनी धरला आणि आणखी घट्ट धरून ठेवला. पट्टा सुटला असता तरी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांचा उजवा पाय वाकत नव्हता. मधून पुढच्या सीटवर येणं त्यांना जमलंच नसतं. आणि मागची दारं आतून उघडणार नव्हती. ती मीच बंद केली होती.

गाडीच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसला. बारा वाजायला आले होते.

मेडिकलवाले गल्ला सोडून बाहेर आले. साठीचे, गुजराती, डोळ्यांवर चष्मा. "बेन, शुं थयुं?"

मी सांगितलं. म्हणजे सांगायचा प्रयत्न केला. गुजराती, हिंदी, मराठी सगळं एकत्र तोंडातून येत होतं. त्यांना समजलं. बाजूला साड्यांचे गठ्ठे उतरवत असलेल्या टेम्पोवाल्याला त्यांनी हाक मारली. तो चाकाचे नट खोलायचा लोखंडी पाना घेऊन आला. दणकट, शांत माणूस. म्हणाला, "आगळवाळो काच तोडी नाखूं?" पुढची काच फोडू का, असं मलाच विचारत होता, गाडी माझी समजून.

मी होकारार्थी मान हलवली. त्यानं पाना उगारून काचेवर मारला. पहिला घाव सरकला, काच नुसती थरथरली. आणि आत आबांनी जे केलं ते मी जन्मभर विसरणार नाही. त्यांनी दोन्ही हात डोक्यावर घेतले, शरीर पट्ट्यात जेवढं वळेल तेवढं वळवलं आणि ओरडायला लागले. काच बंद असल्यामुळे आवाज लांबून आल्यासारखा येत होता.

"शटर उघाडा! ओ शेठ! शटर उघाडा! धूर शे आठे!"

टेम्पोवाल्यानं दुसऱ्यांदा हात उगारला. मी त्याचं मनगट धरलं. "नको," म्हटलं, "थांबा. घाबरलेत ते. थांबा जरा."

तो थांबला. माझं ऐकून थांबला. पुढचं जे झालं ते या थांबण्यामुळे झालं, हे मी कोणाला दोष न देता लिहून ठेवते.

मेडिकलवाल्यांनी त्यांचा फोन माझ्या हातात दिला. गाडीच्या मागच्या काचेवर कंपनीचा मदतीचा नंबर चिकटवलेला होता, तो लावला. आधी गाणं वाजलं. मग एक दाबा, दोन दाबा. मग एक बाई आल्या. आवाज तरुण, हिंदी स्वच्छ.

"मॅडम, आपके रजिस्टर्ड नंबर से कॉल कीजिए."

"तो फोन गाडीत आहे. माझे वडील गाडीत आहेत. कोड सांगा मला, नुसता कोड सांगा."

मी मराठीत बोलत होते. त्यांना कळलं की नाही कोण जाणे, पण त्यांच्या बोलण्याचा वेग बदलला. इथून दार उघडून बघते म्हणाल्या. क्षणभर कीबोर्डचा आवाज. मग म्हणाल्या की गाडीतलं यंत्र त्यांच्या पडद्यावर दिसतच नाहीये, सकाळपासून नेटवर्क नाही. कोड तोंडी सांगायला परवानगी नाही. रजिस्टर्ड नंबरवर पुन्हा पाठवते.

स्टँडवरचा मोबाईल आतल्या आत उजळला. मी ड्रायव्हरच्या काचेला नाक लावलं. ऊन काचेवर असं पडलं होतं की मला माझाच चेहरा दिसत होता. मेडिकलवाल्यांनी औषधांचं एक रिकामं खोकं फाडून माझ्या डोक्यावर धरलं. सावलीत पडदा दिसला. 'प्रिय ग्राहक, आमची सेवा निवडल्याबद्दल आपले आभार. आपल्या प्रवासासाठी...' आणि पुढे तीन टिंबं. कोड त्या टिंबांच्या पलीकडे होता. मग पडदा विझला.

"आलं नाही!" मी फोनमध्ये ओरडले. "सुरुवातीचंच दिसतंय. कोड खाली आहे!"

मागच्या सीटवरचं ओरडणं बंद झालं होतं. आबांचं डोकं खिडकीला टेकलं होतं आणि तोंड उघडं होतं. मी काचेवर थाप मारली. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. ओठ हलले. मला वाटलं पाणी मागतायत. कान लावला तेव्हा ऐकू आलं, "तू कोनी पोर शे वं?"

तू कोणाची मुलगी, असं विचारत होते.

त्या फोनवरच्या बाईंना काय सुचलं त्याचं मला आजही नवल वाटतं. त्या म्हणाल्या, तुम्ही तुम्हीच आहात हे सिद्ध करायला मी ओटीपी पाठवते. त्या मेसेजमध्ये आकडा सगळ्यात आधी असतो. तो वाचून दाखवा. पडदा पुन्हा उजळला. मी खोक्याच्या सावलीत डोळे ताणून वाचला. चारच आकडे वाचून झाले आणि पडदा विझला. पुन्हा पाठवा म्हटलं. पुन्हा आला. या वेळी मेडिकलवाले माझ्या खांद्यावरून मोठ्यानं गुजरातीत वाचत होते आणि मी फोनमध्ये हिंदीत सांगत होते. बरोबर आला.

त्या बाईंच्या मागे इतर कॉल चाललेले ऐकू येत होते. नंतर आवाज अगदी खाली आणून त्यांनी एकेक आकडा सांगितला. प्रत्येक आकड्यानंतर थांबत होत्या. डाव्या हातानं उजवं मनगट धरून मी एकेक दाबला. सहावा दाबल्यावर दिवा हिरवा झाला.

टेम्पोवाल्यानं आबांना उचलून दुकानात आणलं, लहान मुलाला उचलावं तसं. फरशीवर ठेवलं. त्यांचं अंग तापलेलं आणि कोरडं होतं, घाम थांबला होता. ते वाईट लक्षण आहे हे मेडिकलवाल्यांना कळलं आणि त्यांनी तिथूनच रुग्णवाहिका बोलावली. मानेवर, काखेत ओले कपडे ठेवले. आबा छताकडे बघत होते. एकदाच बोलले. "शटर उघडनं का?"

"हो," मी म्हटलं. "उघडलं."

"तो मांघे राह्यना," ते म्हणाले. तो मागे राहिला.

कोण मागे राहिला, हे त्यांनी सांगितलं नाही. दवाखान्यात ते चार दिवस होते. त्या चार दिवसांत मी खूप प्रयत्न केला. खात्याचं शटर शेठ बाहेरून पाडायचा का? आग लागली होती का? तुमच्या गावाकडचा कोणी होता का? ते भिंतीकडे तोंड करून पडत. आईला माहीत असेल तर ती नाही. त्यांच्या बरोबरीचा माहितीतला एक माणूस गावी परत गेला होता, त्याला फोन केला तर तो म्हणाला, "जुन्या गोष्टी कशाले काढतीस, माय," आणि ठेवून दिला. आमच्या घरात पस्तीस वर्षं ती गोष्ट जेवायला बसत होती आणि आम्ही खुणांनी बोलत होतो.

घरी आल्यावर आबांनी पाळीवर जायचं पुन्हा कधी काढलं नाही. दारापाशी उभं राहणं थांबलं. शेजारणी म्हणाल्या, बरं झालं, सुटलात एका त्रासातून. पण मी ताट घेऊन गेले की ते भिंतीशी सरकायला लागले. मला 'ओ बाई' म्हणायला लागले, सरकारी माणसाशी बोलावं तसं अदबीनं. माझ्या हातचं खात नसत; मी ताट ठेवून बाहेर गेले तरच जेवत. रविवारी भाऊ आला की त्याच्या हातून निमूट खात.

महिनाभरानं मी त्या मेडिकलवाल्यांकडे पेढे घेऊन गेले. त्यांनी बसायला खुर्ची दिली, आबांची चौकशी केली. बोलता बोलता म्हणाले, त्यांच्या मुलीला हा प्रसंग खरा वाटेना म्हणून त्यांनी दारावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवलं होतं. "जोवुं छे?" त्यांनी विचारलं. बघायचंय का? मी नको म्हणायला हवं होतं.

आवाज नसलेलं चित्र. कोपऱ्यात वेळ धावत होती. गाडी थांबल्यापासून दार उघडेपर्यंत चोवीस मिनिटं. माझ्या हिशेबी आठ-दहा झाली असावीत. माझ्या आठवणीत मी त्या सगळ्या वेळात धावत होते, ओरडत होते, काही ना काही करत होते. चित्रात तसं नव्हतं. पाना धरलेला माणूस थांबतो, मेडिकलवाले फोन आणायला आत जातात, आणि त्यानंतर मी गाडीच्या टपावर एक हात ठेवून उभी आहे. नुसती उभी. काच ठोकत नाही, आत बघत नाही. टेम्पोवाला माझ्याकडे बघतोय, पाना खाली धरून. मेडिकलवाले बाहेर येऊन फोन पुढे करतात तरी मी हलत नाही. दुसऱ्यांदा करतात तेव्हा घेते. दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ.

पत्र्याचा चटका बसत होता, तरी हात तसाच ठेवलेला.

मेडिकलवाले म्हणाले, "गभराई गयेला तमे." घाबरला होता तुम्ही. भल्या माणसानं भलं कारण दिलं. मी हो म्हटलं. पण चित्र बघताना मला त्या दोन मिनिटांत मनात काय होतं ते आठवलं. भीती होतीच. भीतीच्या खाली एक अगदी शांत विचार होता. की आता हे संपेल. ती टकटक, ते कुलूप, डाळीच्या डब्यातली किल्ली, रात्रंदिवस एका कानानं जागं राहणं. मला काही करावं लागणार नाही, आपोआप संपेल. तो विचार आला आणि मी त्याच्याजवळ उभी राहिले.

आबांना तेव्हा काय दिसलं, ते चित्रात कळत नाही. त्यांच्या बाजूच्या काचेवर नुसतं ऊन होतं.

"राखूं के काढी नाखूं?" मेडिकलवाल्यांनी विचारलं. मी म्हटलं, काढून टाका.

पुढच्या जानेवारीत आबा गेले. छातीत कफ झाला, आठवडाभर दवाखान्यात होते. शेवटच्या दिवशी भाऊ उशाशी होता, मी दाराबाहेर बाकावर. दिवसकार्य झाल्यावर पाहुणे परतले, आम्ही दोघंच स्वयंपाकघरात भांडी पुसत बसलो होतो. भाऊ म्हणाला, "ताई, तू फार केलंस त्यांचं. मी काहीच केलं नाही."

तेव्हा मी त्याला सांगितलं. खटके मी फिरवले हे, पाना थांबवला हे, आणि ती दोन मिनिटं. काही वगळलं नाही. तो हातातलं पातेलं पुसत राहिला, ते कोरडं झालं होतं तरी.

"त्यांना कळलं होतं का?" त्यानं विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

त्यानं पातेलं फळीवर ठेवलं आणि दुसरं घेतलं. त्यानंतर त्या विषयावर आम्ही बोललो नाही. रविवारी तो अजून येतो. दुपारी जेवतो, मुलांच्या परीक्षांचं सांगतो, आणि निघताना पूर्वी मी बसस्टॉपपर्यंत जायचे, ते आता नको म्हणतो.